एलएनबी फेकण्याआधी एकदा भिंतीकडे वळवून पाहा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मांद्र्याच्या एका भगिनींचे पत्र वाचले. पावसाळा सरत आला की दरवर्षी त्यांच्या टीव्हीच्या छत्रीचे, म्हणजे डिश अँटेनाचे, चित्र जाते, माणूस येतो, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल घेणारा लहान डबा) बदलतो, पैसे घेऊन जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एलएनबी खरेच दरवर्षी जळतो का, असे त्यांनी शेवटी विचारले आहे. पेडण्याच्या बाजारात माझे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे. हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला, म्हणून उत्तर लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, पण ह्या बाबतीत अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

ताई, एलएनबी दरवर्षी जळत नाही. विजेच्या कडकडाटात जातो, तोंडावरचे झाकण फुटून पाणी शिरले तर जातो. पण आपल्याकडे बदलले जाणारे कितीतरी एलएनबी काढले तेव्हा जिवंत असतात. लोक 'बाद झाला' म्हणून माझ्याकडे टाकून जातात, त्यांची एक पेटी मी ठेवली आहे. फुरसत मिळाली की एकेक काढून तपासतो आणि चांगला निघालेला एखाद्या गरजूच्या घरी लावून देतो. तपासायला फार वेळ लागत नाही आणि महागडे यंत्रही लागत नाही. तरीही ग्राहकाच्या घरी हे कोणी करत नाही, हीच माझी तक्रार आहे. घरोघर फिरणाऱ्या मुलांना मी सरसकट दोष देणार नाही. त्यांना दिवसभरात बरीच घरे उरकायची असतात आणि तपासण्यापेक्षा बदलणे लवकर होते. पण त्याचे पैसे जातात ते फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत सेवा, लावणाऱ्या घराचे, म्हणजे ज्यांना महिन्याचे भाडे परवडत नाही म्हणून ज्यांनी छत्री घेतली त्यांचे.

आधी हा एलएनबी करतो काय ते पाहू. छत्रीच्या दांड्याच्या टोकाला जो लहानसा डबा असतो तो एलएनबी. साधारण ३६ हजार किलोमीटरवरून आलेला, अतिशय क्षीण झालेला सिग्नल छत्री गोळा करते आणि त्याच्या तोंडात टाकते. तो हा सिग्नल मोठा करतो आणि केबलमधून खाली येऊ शकेल अशा फ्रिक्वेन्सीवर उतरवतो. फ्री डिश आपल्याला जीसॅट-१५ ह्या उपग्रहावरून मिळते. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गियानातल्या कुरूहून सोडला गेला. त्याचा ११०९० मेगाहर्ट्झचा एक ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा चॅनेल पाठवणारा संच) घ्या. एलएनबीच्या आतला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची ठरावीक लहर तयार करणारा भाग, ९७५० वर चालतो. दोहोंची वजाबाकी १३४०, म्हणून तुमच्या सेटटॉप बॉक्सपर्यंत केबलने येते ती १३४० मेगाहर्ट्झची लहर. आकाशातली ११ हजारांची लहर तशीच साध्या केबलमधून खाली आणायला गेलात तर वाटेतच संपेल.

खरी कसोटी मात्र सिग्नल मोठा करताना लागते. कोणताही ट्रान्झिस्टर सिग्नलबरोबर स्वतःचा गोंगाटही मिसळतो. एलएनबीतला पहिला ट्रान्झिस्टर किती कमी गोंगाट करतो, यावर पुढचे सगळे ठरते. कारण एकदा सिग्नल पुरेसा मोठा झाला की मागून मिसळणाऱ्या गोंगाटाची मातब्बरी राहत नाही. हा पहिला ट्रान्झिस्टर हेम्ट (HEMT) नावाच्या, फार कमी गोंगाट करणाऱ्या जातीचा असतो. जपानच्या फुजित्सू कंपनीतले ताकाशी मिमुरा यांनी तो १९७९ मध्ये शोधला आणि सुरुवातीला त्याचा उपयोग झाला तो नोबेयामाच्या रेडिओ दुर्बिणीत, ताऱ्यांमधल्या वायूंचे सिग्नल ऐकायला. तीच वस्तू आज हरमलच्या कौलारू घरावर बसलेली आहे. मला याचे फार अप्रूप वाटते, आणि म्हणूनच ती न तपासता कचऱ्यात गेलेली मला बघवत नाही.

आता तपासणी. आकाश निरभ्र असलेला दिवस निवडा. सॅटेलाइट फाइंडर म्हणून तळहाताएवढा डबा मिळतो, त्यावर काटा असतो, एक बटण असते आणि तो शिट्टी वाजवतो. साधा फाइंडर काहीशे रुपयांना येतो. एलएनबी छत्रीवरून सोडवून हातात घ्यायचा. त्याची केबल फाइंडरच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला सेटटॉप बॉक्स; विजेचा पुरवठा बॉक्सकडूनच होतो. अंगणात मोकळ्या जागी उभे राहायचे, माड आणि वळचण डोक्यावर येणार नाहीत असे. एलएनबीचे तोंड सरळ वर आकाशाकडे धरायचे आणि बटण फिरवून काटा तीनच्या आसपास आणायचा. मग बटणाला हात न लावता एलएनबीचे तोंड चिऱ्याच्या भिंतीकडे वळवायचे, अगदी जवळ. एलएनबी चांगला असेल तर काटा टुणकन वर जातो आणि शिट्टीचा सूर चढतो. पुन्हा आकाशाकडे फिरवला की खाली येतो. तोंडावर तळहात धरला तरी काटा चढतो.

यात जादू काही नाही. ऊब असलेली प्रत्येक वस्तू सूक्ष्मलहरी बाहेर टाकत असते. आपली भिंत, जमीन, आपला हात ही सगळी साधारण ३०० केल्विनची (केल्विन हे तापमानाचे माप). निरभ्र आकाश मात्र ह्या लहरींत फार थंड दिसते. हवेचा वाटा धरूनही २० केल्विनच्या आसपास धरायला हरकत नाही. एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही असाच तापमानात मोजता येतो. एलएनबीच्या खोक्यावर हा गोंगाट डीबी म्हणजे डेसिबलमध्ये लिहितात, आकडा जितका कमी तितका चांगला. ०.५ डीबीचा एलएनबी म्हणजे ३५ केल्विन. तेव्हा आकाशाकडे ५५ आणि भिंतीकडे ३३५, म्हणजे सहापटीचा फरक. बिघडून १.५ डीबीवर गेलेल्याचा गोंगाट १२० केल्विन. त्याला आकाश १४० आणि भिंत ४२०, फरक फक्त तिप्पट. आणि पहिला ट्रान्झिस्टर मेलेला असेल तर भिंत काय, आकाश काय, काटा हलतच नाही. प्रयोगशाळेतही एलएनबीचा गोंगाट मोजतात तो ह्याच तत्त्वावर, एक गरम आणि एक थंड स्रोत दाखवून. फाइंडरचा काटा अचूक मापाचा नसतो, त्यामुळे आकडा काढत बसू नये. खात्रीचा एक चांगला एलएनबी जवळ ठेवावा आणि दोघांची उडी शेजारी-शेजारी पाहावी.

वीज जवळपास पडली की हाच पहिला ट्रान्झिस्टर जातो. वैशाखातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटानंतर माझ्याकडे येणाऱ्यांत असे एलएनबी असतात. मागचे टप्पे शाबूत राहतात, म्हणून तो वीज घेतो, फाइंडर वाजतो, बॉक्सवर 'स्ट्रेंग्थ'ची पट्टी भरलेली दिसते. घरातली माणसे म्हणतात, सिग्नल तर पूर्ण दाखवतो, मग चित्र का नाही? कारण स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून जे काही येते त्याचा एकूण जोर, त्यात निव्वळ गोंगाटही आला. पाहायची असते ती खालची 'क्वालिटी'ची पट्टी. तिचे टक्के प्रत्येक कंपनीचा बॉक्स आपापल्या हिशेबाने दाखवतो, तेव्हा शेजाऱ्याच्या बॉक्सवर ८० आणि आपल्या बॉक्सवर ६० म्हणून घाबरू नये. दोन एलएनबींची तुलना करायची तर छत्री तीच, केबल तीच, बॉक्स तोच, ट्रान्सपॉन्डर तोच आणि वेळही जवळपास तीच हवी.

आणखी एक. एलएनबीच्या तोंडाशी असे दोन ट्रान्झिस्टर असतात, एक उभ्या ध्रुवणासाठी (उभ्या डोलणाऱ्या लहरींसाठी, व्हर्टिकल), एक आडव्यासाठी (हॉरिझाँटल). बॉक्स केबलमधून १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा पहिला चालतो, १८ पाठवतो तेव्हा दुसरा. म्हणून भिंतीची तपासणी व्हर्टिकल आणि हॉरिझाँटल अशा दोन्ही चॅनेलांवर करावी. फ्री डिश व्हर्टिकलवर येते. आडवी बाजू गेलेला एलएनबी पैशाच्या कनेक्शनला निरुपयोगी, पण फ्री डिशवर तो सुखेनैव चालतो. माझ्या पेटीतले असे एलएनबी कुणाकुणाच्या घरी डीडी सह्याद्री दाखवत आहेत.

आता मांद्र्याच्या ताईंच्या दुखण्याकडे येतो. किनाऱ्याच्या गावांत चित्र जाते ते बहुतेक वेळा एलएनबीमुळे नाही, त्याच्या मागच्या एफ कनेक्टरमुळे, म्हणजे केबल जिथे फिरवून बसवतात त्या टोकामुळे. केरीतल्या एका काकींकडे गेलो होतो. त्या दारातच म्हणाल्या, "बाबा, चवथीच्या आधी नवा घातलाय, एवढ्यात गेला कसा?" मी कनेक्टर फिरवायला गेलो तर तो फिरेना, पक्कड लावली तेव्हा हिरवट-पांढऱ्या भुकटीसकट निघाला. आतली तांब्याची तार काळी पडून टोकाशी इतकी बारीक झाली होती की बोट लावताच मोडली. केबलचे बाहेरचे साल कापले तर आतली तारांची जाळी ओली, आणि तोंड खाली करताच पाण्याचे थेंब ठिबकले. म्हणजे पाणी कनेक्टरातून शिरून जाळीतून झिरपत केबलच्या आत उतरले होते. एलएनबी अंगणात नेऊन काकींच्या चिऱ्याच्या कंपाउंडासमोर धरला, काटा झकास उडाला. काकींना हातात धरायला दिला, त्यांनी स्वतः फिरवून पाहिला. केबलचा खराब तुकडा काढला, नवा कनेक्टर घातला आणि काम झाले.

मुळात खाऱ्या वाऱ्यात उघडा कनेक्टर टिकतच नाही. त्यावर ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप बसवावी; साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हाने सुटते आणि उलट पाणी धरून ठेवते. एलएनबीपाशी केबलला खाली लोंबता झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, कनेक्टरकडे जात नाही. एवढे केले तर ताईंचा दरवर्षीचा खर्च वाचेल. कनेक्टर गंजला की एक वेगळाच त्रासही होतो. मोबाइलच्या १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या लहरी केबलमधल्या लहरींच्याच पट्ट्यात येतात आणि सैल जाळीतून आत शिरतात. मग काहीच चॅनेल तुटतात आणि लोक टॉवरला शिव्या घालतात. एलएनबीचे तोंडही नीट पाहावे. झाकण उन्हाने तडकले की कुंभारमाशी आत मातीचे घर करते, आणि ते घर ओले झाले की सिग्नल तिथेच अडतो. काडीने हलक्या हाताने माती काढली, झाकण बदलले की पुष्कळदा काम भागते.

उन्हाचा दोष वेगळा ओळखावा लागतो. सकाळी चित्र स्वच्छ, दुपारी बारा ते चार गायब, संध्याकाळी पुन्हा हजर, असे एप्रिल-मे महिन्यांत झाले तर एलएनबीचा ऑसिलेटर तापून ९७५० वरून सरकतो आहे असे समजावे. जुन्या एलएनबींत हा फार होतो. नव्या पीएलएल जातीच्या एलएनबींत ऑसिलेटरची लहर एका स्फटिकाच्या स्थिर लहरीला बांधलेली असते, ते सहसा सरकत नाहीत. हौशी रेडिओवाले ह्याच टीव्हीच्या पीएलएल एलएनबीने २५.९ अंश पूर्वेचा क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा उपग्रह ऐकतात. त्याचा १०४८९.७५० मेगाहर्ट्झचा बीकन (सतत येणारी खुणेची लहर) ९७५० वजा जाता ७३९.७५० वर येतो आणि एलएनबी किती सरकला ते संगणकावर लगेच दिसते. आपल्या गोव्यातून तो उपग्रह पश्चिमेला छान वर दिसतो. इंजिनीअरिंगच्या आणि आयटीआयच्या मुलांनी हा प्रयोग जरूर करावा, खर्च फारसा नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी एक इशारा. खोक्यावर '०.१ डीबी' छापलेले असते आणि दुकानदार ते दाखवून जास्त पैसे मागतो. ०.१ डीबी म्हणजे जेमतेम ७ केल्विन. इतका बारीक फरक खात्रीने मोजायला प्रयोगशाळेतल्या प्रमाणित उपकरणांनाही जड जाते, त्यांच्या मापातली अनिश्चितताच त्याच्या आसपास असते. तो आकडा खोक्यावरच राहू द्या. आणि आपल्याकडे तर त्याचा उपयोग आणखी कमी. मुसळधार पावसात सिग्नल अडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच वेळी पावसाचा पडदा स्वतः भिंतीसारखा उबदार दिसू लागतो, आकाशाचा थंडपणा जातो. निरभ्र दिवशी ०.६ ऐवजी ०.३ डीबीचा एलएनबी लावला तर एक-सव्वा डीबीचा फायदा होतो. आषाढाच्या झडीत तोच फायदा अर्ध्या डीबीच्याही खाली येतो. उलट ६० सेंटिमीटरच्या छत्रीऐवजी ९० ची लावली तर साडेतीन डीबी मिळतात आणि ते पावसातही मिळतात. पैसे घालायचेच असतील तर छत्रीत घाला. एलएनबी तपासायचा तोही जुलैच्या झडीत नाही, उघडीप पाहून.

दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे. काउंटरवर एक फाइंडर ठेवा, विकताना ग्राहकासमोर एलएनबी भिंतीकडे आणि दाराबाहेरच्या आकाशाकडे फिरवून दाखवा. घरी जाऊन बदललात तर जुना ग्राहकाच्या हाती द्या आणि बिलावर काय बिघडले होते ते दोन शब्दांत लिहा. ग्राहकांनीही जुना मागून घ्यावा. तो तुमचा आहे.

शेवटी, संपादक महाशय, एक काम आपल्याकडे आहे. दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आणि मार्चच्या मध्यास सूर्य आपल्या गोव्यातून पाहता बरोबर ९३.५ अंशांच्या उपग्रहामागून जातो. त्या काही दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे सूर्याचा गोंगाट एलएनबीत भरतो आणि चित्र फुटते किंवा जाते. मग आपोआप परत येते. सप्टेंबरात ही वेळ अकराच्या थोडी आधी, मार्चमध्ये थोडी नंतर. नेमके त्या दिवसांत लोक घाबरून माणूस बोलावतात आणि चांगला एलएनबी बदलून बसतात. खरे तर सूर्यामुळे चित्र जाणे ही एलएनबी धडधाकट असल्याचीच खूण आहे. त्या वेळी छत्रीवर माडाच्या झावळीची सावली पडत असेल तर तीच झावळी उपग्रहाच्या आड येते हेही कळते आणि नेमकी तीच तोडता येते. म्हणून २५ सप्टेंबरच्या आणि १० मार्चच्या आसपास आपल्या दैनिकात, हवामानाच्या चौकटीखाली दोन ओळी छापाव्यात: 'सकाळी अकराच्या सुमारास फ्री डिशचे चित्र काही मिनिटे जाईल. एलएनबी बदलू नये.' मजकूर मी लिहून पाठवीन. आणि ताईंनी आपला जुना एलएनबी टाकला नसेल तर तो घेऊन माझ्याकडे यावे, समोर तपासून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला नम्र,
पेडण्याचा एक टीव्ही दुरुस्तीवाला